खराटा आणि कीर्तन : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात सेवाधारित हरित कौशल्य शिक्षणाची चिकित्सा

गोषवारा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत हरित कौशल्ये पोहोचावीत यासाठी पर्यावरणशास्त्राचा अनिवार्य अभ्यासक्रम, राष्ट्रीय सेवा योजना आणि नव्या शैक्षणिक धोरणातील समुदाय सहभाग प्रकल्प अशा तीन वाटा उपलब्ध आहेत. या वाटा परस्परांना मिळत नसल्यामुळे ज्ञान, श्रम आणि चिंतन ही एकाच प्रक्रियेची अंगे एकमेकांपासून तुटतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. वाशिम जिल्ह्याची कोरडवाहू शेती, तेथील जलविभाजक भूरचना आणि ग्रामीण विद्यार्थिवर्ग यांच्या संदर्भात प्रचलित पद्धतीची चिकित्सा करून, सेवेचा कालखंड शेतीच्या कालचक्राशी जोडण्याची आवश्यकता येथे मांडली आहे.

बीजशब्द : हरित कौशल्ये, सेवाधारित अध्ययन, राष्ट्रीय सेवा योजना, पाण्याचा ताळेबंद, वाशिम जिल्हा.

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याला वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा प्राचीन वारसा आहे. वर्तमानात मात्र त्याची ओळख वेगळी आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत केला. हवामान बदलाला तोंड देऊ शकेल अशी शेती उभी करण्याच्या हेतूने जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही पहिल्याच टप्प्यात हा जिल्हा आला.

जिल्ह्याचा भूगोल या प्रश्नाच्या मुळाशी आहे. वाशिम हा जलविभाजकावर वसलेला जिल्हा आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला व पुढे तापीला मिळते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जातात. काटेपूर्णेचे पाणी महानच्या धरणात अडते आणि अकोला शहराची तहान भागवते. जिल्हा नद्यांचे माहेर आहे, पण नद्या नांदतात दुसरीकडे. खाली काळा पाषाण, वर सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती आणि चार महिन्यांच्या पावसावर वर्षाची भिस्त, अशा ठिकाणी पाणी मोजणे, माती धरून ठेवणे, बियाणे राखणे आणि काडीकचऱ्याचे खत करणे ही कौशल्ये जगण्याची साधने ठरतात. म्हणूनच जिल्ह्यातील महाविद्यालये ही कौशल्ये कशी शिकवतात, हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमापुरता मर्यादित राहत नाही.

संकल्पना आणि तिची देशी परंपरा

सेवाधारित अध्ययन ही संज्ञा अमेरिकेत १९६० च्या दशकात रूढ झाली. जॉन ड्यूई यांच्या अनुभवनिष्ठ शिक्षणविचारात तिची मुळे आहेत. समाजाची खरी गरज भागवणारे काम विद्यार्थ्याने करावे, त्या कामावर चिंतन करावे आणि त्यातून अभ्यासविषयाची जाण वाढावी, अशी तिची त्रिसूत्री आहे. काम आणि चिंतन यांपैकी एक वगळले तरी सेवाधारित अध्ययन उरत नाही. चिंतनाविना उरते ते श्रमदान, आणि कामाविना उरते ते व्याख्यान.

ही संकल्पना मराठी मुलुखाला परकी नाही. वऱ्हाडात ती पुस्तकात येण्यापूर्वी माणसात अवतरली होती. गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा गावात खराटा चालवीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. हे कीर्तन एकतर्फी नसे. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढून घेत आणि त्या उत्तरांतील विसंगती त्यांच्या पदरात घालीत. सकाळी झाडलेल्या रस्त्याचा अर्थ रात्री उलगडे. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत खराटा ही सेवा आणि कीर्तन हे चिंतन होय. वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे, ही गोष्ट या संदर्भात केवळ औपचारिक मानता येत नाही.

दुसरा धागा वर्ध्याचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची मांडणी केली आणि उत्पादक हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम मानले. तिसरा धागा पुणे जिल्ह्यातील पाबळचा. डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या क्षेत्रांतील प्रत्यक्ष कामे शालेय विद्यार्थ्यांनी शिकावीत आणि गावाला सेवा म्हणून पुरवावीत, अशी ती पद्धती आहे. पाबळच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, तेथे सेवा गावाच्या उपयोगी पडली की नाही हे गावच ठरवते. दुरुस्त केलेले यंत्र चालले नाही तर गुणपत्रिकेची गरजच उरत नाही.

तीन वाटा आणि त्यांचे तुटलेपण

पहिली वाट पर्यावरणशास्त्राच्या अनिवार्य अभ्यासक्रमाची. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशाचे फलित म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्यात आठ घटक आणि पन्नास व्याख्याने होती. आठवा घटक क्षेत्रकार्याचा होता. त्यासाठी पाच व्याख्यानांइतका वेळ आणि शंभरपैकी पंचवीस गुण राखले होते. हे प्रमाणच बोलके आहे. एकदशांश वेळेत एकचतुर्थांश गुण मिळवायचे असतील, तर व्यवहारात क्षेत्रकार्याचे रूपांतर वहीत होणे जवळपास अटळ ठरते. जवळच्या नदीला, टेकडीला वा प्रदूषित स्थळाला भेट देऊन नोंद करावी, ही मूळ अपेक्षा योग्यच होती. परंतु भेट आणि काम यांत अंतर आहे. भेटीतून माहिती मिळते, हाताला वळण लागत नाही.

दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची नियमित सेवा आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असा तिचा साचा आहे. तासांच्या हिशेबाने ही सर्वांत समृद्ध वाट होय. ग्रामीण महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना गावाकडे पाहण्याची दृष्टी तिने दिली, हे मान्य करावे लागेल. तथापि या योजनेचा अभ्यासविषयाशी सांधा जुळलेला नाही. बंधारा बांधणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला त्या बंधाऱ्याचे पाणलोट क्षेत्र किती, हे कोणी विचारत नाही. वृक्षारोपण करणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्या जागी तीच प्रजाती का, हे सांगावे लागत नाही. खराटा चालतो, पण कीर्तन होत नाही. शिबिरात रात्री सांस्कृतिक कार्यक्रम होतो, तो वेगळा.

तिसरी वाट नवी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक रचना लागू झाली. तीत क्षेत्र प्रकल्प आणि कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजेच समुदाय सहभाग प्रकल्प, यांना स्थान मिळाले. प्रकल्पाचे २ श्रेयांक म्हणजे साधारणतः ६० तास. प्रथमच समाजातील काम पदवीच्या मूळ हिशेबात आले, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र श्रेयांक आला की पुरावा आला, आणि पुरावा आला की अहवाल आला. प्रश्नावली भरून घेणे, टक्केवारी काढणे, छायाचित्रे चिकटवणे आणि शेवटी शासनाने जनजागृती करावी अशी शिफारस लिहिणे, हा साचा ज्या सुलभतेने रूढ होऊ शकतो तो धोक्याचा आहे. यात समुदाय सहभागी होत नाही, तो केवळ उत्तरे देतो.

अशा रीतीने एका वाटेवर माहिती आहे पण काम नाही. दुसरीवर काम आहे पण विचार नाही. तिसरीवर नोंद आहे, पण तिचा उपयोग कोणाला हे ठरलेले नाही. एकच विद्यार्थी या तिन्ही वाटांनी जातो आणि त्याला त्या तीन वेगवेगळ्या औपचारिकता वाटतात.

कालचक्राची विसंगती

प्रचलित पद्धतीतील सर्वांत मोठा दोष कालनियोजनाचा आहे. हरित कौशल्ये ऋतूंना बांधलेली असतात आणि महाविद्यालय परीक्षांना. हे पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण बियाण्याचे. खरीप २०२० मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. घरचे बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्यासाठी उगवणक्षमता तपासण्याची पद्धत अगदी साधी आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेने ठेवून गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी उगवलेले दाणे मोजायचे. सत्तर वा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाण्याचे प्रमाण वाढवायचे. वनस्पतिशास्त्रातील बीजांकुरण, संख्याशास्त्रातील नमुना निवड आणि शेतकऱ्याचा हजारो रुपयांचा निर्णय या एका गोणपाटात एकत्र येतात. पण ही चाचणी मे महिन्यात व्हायला हवी, आणि मे महिन्यात महाविद्यालय परीक्षेत किंवा सुटीत असते.

दुसरे उदाहरण खताचे. नाडेप खताची पद्धत वाशिमच्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाडेप हे नाव मिळाले. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके, त्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर, आणि तीन ते चार महिन्यांनी तयार खत. सात दिवसांच्या शिबिरात टाके बांधून होते, कदाचित भरूनही होते. परंतु भरल्यानंतर दबलेला थर पुन्हा कधी भरायचा, ओल किती ठेवायची, भेगा कशा लिंपायच्या, हे शिकण्याचा काळ शिबिर संपल्यावर सुरू होतो. विद्यार्थी गवंडीकाम शिकून परततात. खत करण्याचे कौशल्य तेथेच राहते. सोयाबीनचे कुटार आणि तुरीच्या तुराट्या यांची ज्या जिल्ह्यात वाण नाही, तेथे ही त्रुटी क्षुल्लक म्हणता येणार नाही.

तिसरे उदाहरण पाण्याचे. २०१७ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातील तीस तालुक्यांत कारंजा तालुका होता. स्पर्धेचा काळ एप्रिल-मेचा होता, कारण माती-पाण्याची कामे पावसापूर्वी व्हावी लागतात. या स्पर्धेची शैक्षणिक रचना लक्षणीय होती. आधी गावातील निवडक स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षण, नंतर श्रमदान आणि अखेरीस कामाचे मोजमाप, असा तिचा क्रम होता. उतार कसा काढायचा, समपातळीची रेषा कशी आखायची, चर किती खोल घ्यायचा, हे ग्रामस्थ शिकले. शहरातून एका दिवसासाठी येणारे स्वयंसेवक मात्र आखून दिलेल्या रेषेवर खोदत. याचा अर्थ असा की, कौशल्य गावाकडे होते आणि केवळ श्रम बाहेरून आले होते. महाविद्यालयांच्या शिबिरांची तुलना यांपैकी कोणाशी करायची, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

सेवा कोणाची, कोणाला?

पाश्चात्त्य सेवाधारित अध्ययनाच्या साहित्यात विद्यार्थी आणि समुदाय यांत अंतर गृहीत धरलेले असते. सुस्थित विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारातून वंचित वस्तीत जातो, असे त्याचे चित्र असते. वाशिम जिल्ह्यात हे गृहीतक टिकत नाही. येथील विद्यार्थी बहुधा त्याच मातीतला असतो. सकाळी एस. टी. ने महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी सुटीच्या दिवशी निंदणाला जाते. तिला जे शिकवायचे, त्यातील बरेचसे तिच्या घरी कोणाला तरी येत असते.

येथेच प्रश्नाचा खरा गाभा आहे. या विद्यार्थ्यासाठी पदवी ही शेतीतून बाहेर पडण्याची वाट असते. आईवडिलांनीही त्याला त्याच हेतूने पाठवलेले असते. अशा विद्यार्थ्याला महाविद्यालयात पुन्हा शेणखताचे टाके भरायला सांगणे, हा त्याला उपहास वाटू शकतो. जातिव्यवस्थेने काही कामांना चिकटवलेला हीनत्वाचा शिक्का या संकोचात भर घालतो. म्हणून कौशल्य शिकवण्याआधी त्याची प्रतिष्ठा प्रस्थापित करावी लागते. गाडगेबाबांनी खराट्याला जी प्रतिष्ठा दिली ती उपदेशाने दिली नाही. त्यांनी तो स्वतः हाती धरला. प्राध्यापक शिबिराच्या उद्घाटनाला येऊन परत जातात आणि विद्यार्थी खोदत राहतात, तेव्हा नेमका उलटा धडा दिला जातो.

याच भागातील फासेपारधी समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अकोला-वाशिम परिसरातील माळराने ही तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याची आणि काळविटांची वसतिस्थाने आहेत. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीच ओळखले जाते. शिकारी म्हणून ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्याच फासेपारधी समाजातील लोकांनी ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने गवताळ राने राखण्याचे काम उभे केले. गवताच्या जाती, पक्ष्यांच्या हालचाली आणि पावलांचे ठसे यांचे त्यांचे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून सूक्ष्म आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार व्हावयाची आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती. मुदतीच्या दडपणाखाली भरलेली नोंदवही आणि जाणकारांसोबत चारही ऋतूंत रानात फिरून भरलेली नोंदवही, या दोन भिन्न वस्तू होत. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीत पारधी हा शिक्षक आणि पदवीचा विद्यार्थी हा लेखनिक असतो. सेवेची दिशा येथे उलटते, आणि शिक्षण येथेच घडते.

संभाव्य आक्षेप

या चिकित्सेवर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, राष्ट्रीय सेवा योजनेचा हेतू व्यक्तिमत्त्व विकास हा आहे, कौशल्य प्रशिक्षण नव्हे. हा आक्षेप अंशतः योग्य आहे. तथापि निरर्थक श्रमातून व्यक्तिमत्त्व घडते असे मानण्यास आधार नाही. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावणारा विद्यार्थी सेवाभावापेक्षा उपरोध अधिक शिकतो.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला, प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली, परंतु वाशिमसारख्या जिल्ह्यात अशा कौशल्यांना पगारी नोकऱ्या कोठे आहेत? हा आक्षेप गंभीर आहे आणि महाविद्यालयाला तो एकट्याने सोडवता येणार नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याला अखेरीस घरच्या शेतीचाच आधार घ्यावा लागतो, त्याच्यासाठी वाचलेले बियाणे आणि टिकलेली ओल हेही उत्पन्नच असते. हरित कौशल्याचे मूल्य केवळ नोकरीच्या जाहिरातीत शोधणे अपुरे आहे.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांच्या कार्यभाराचा. रिक्त पदे, घड्याळी तासिकांवरील अध्यापक आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांच्या ओझ्याखाली वर्षभर गावाशी संबंध राखणार कोण? यावर उत्तर एवढेच की, तीन वाटांवर स्वतंत्रपणे होणारे काम एकत्र आणल्यास एकूण भार वाढण्यापेक्षा घटण्याचीच शक्यता अधिक आहे.

पर्यायी मांडणी

पर्यायासाठी नव्या योजनेची गरज नाही, असलेल्या तासांची जुळणी पुरेशी आहे. एक महाविद्यालय, एक गाव आणि किमान पाच वर्षे, हे पहिले सूत्र. गावातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी प्रत्येक तुकडीने मोजावी आणि नोंदवही पुढच्या तुकडीकडे सोपवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच वेळापत्रक स्वीकारल्यास विद्यार्थ्यांच्या नोंदी शासकीय नोंदींशी ताडून पाहता येतील. एका वर्षाची नोंद हा प्रकल्प असतो, पाच वर्षांची नोंद ही गावाची मालमत्ता होते.

दुसरे सूत्र ताळेबंदाचे. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळते. पाचशे हेक्टरच्या शिवारात वर्षभरात ८०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी ४०० कोटी लिटर होते. यांपैकी किती वाहून गेले, किती मुरले, पिकांनी किती घेतले आणि रब्बीसाठी किती उरले, हा हिशेब वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही करता येतो, किंबहुना त्यालाच तो अधिक चांगला करता यावा. भूगोल, गणित, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विषयांचे प्राध्यापक या एका ताळेबंदाभोवती एकत्र येऊ शकतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात एक प्रश्न अवश्य जोडावा, तो म्हणजे पाणी भरते कोण आणि पाण्याचा निर्णय घेते कोण. सर्वेक्षणातील ‘कुटुंबप्रमुख’ हा रकाना भरताना घरातील बाई अदृश्य होते, आणि पाण्याची खरी जाणकार बहुधा तीच असते.

तिसरे सूत्र उत्तरदायित्वाचे. प्रकल्पाचा अहवाल विभागाच्या कपाटात जाण्यापूर्वी ग्रामसभेत वाचला जावा. २ ऑक्टोबरच्या सुमारास भरणारी ग्रामसभा रब्बीच्या पेरणीपूर्वी येते. पाण्याचा ताळेबंद मांडण्याची हीच वेळ होय. ग्रामस्थ प्रश्न विचारतील, आकडे चुकीचे असतील तर तेथल्या तेथे दाखवतील, आणि पुढच्या वर्षी काय मोजावे हेही सांगतील. असे मूल्यमापन कोणत्याही अंतर्गत गुणदानापेक्षा कठोर आणि हितकारक ठरेल. गाडगेबाबांच्या कीर्तनाचे आधुनिक रूप शोधायचे असेल, तर ते ग्रामसभेतील या प्रश्नोत्तरांत सापडते.

समारोप

वाशिम जिल्ह्यात हरित कौशल्यांच्या शिक्षणाला साधनांची उणीव नाही. अभ्यासक्रम आहे, तास आहेत, श्रेयांक आहेत, दत्तक गावे आहेत आणि त्या गावांत जाणकारही आहेत. उणीव आहे ती सांध्याची. माहिती, श्रम आणि चिंतन यांना जोडणारा दुवा प्राध्यापक आहे, आणि हे काम परिपत्रकाने होणारे नाही. नवी श्रेयांक रचना अद्याप रुळायची आहे. तिचा साचा पहिल्या काही वर्षांत जसा घट्ट होईल, तसाच तो पुढे दीर्घकाळ राहील, हा पर्यावरणशास्त्राच्या क्षेत्रकार्याचा अनुभव विसरता कामा नये. मे महिन्यात एखाद्या शेतकऱ्याने पेरणीपूर्वी बियाणे घेऊन महाविद्यालयाची वाट धरली आणि विद्यार्थिनीने गोणपाट उलगडून त्याला उगवलेले दाणे मोजून दाखवले, तर सेवाधारित अध्ययन रुजले असे म्हणता येईल. तोपर्यंत अहवालांची संख्या हा त्याचा पुरावा मानू नये.